वेगळ्या वाटीतले विरजण

आमच्या घरात दही संपलेले मला आठवत नाही. यावरून आमच्याकडे दुभत्याचा सुकाळ होता असे मात्र कुणी समजू नये. डोंबिवलीच्या दोन खोल्यांतला, दुधाच्या पिशव्यांवर चालणारा आमचा संसार! पण आईचा एक नेम होता. पानांवर दही वाढायला घेण्यापूर्वी ती भांड्यातले चमचाभर दही काढून एका लहान वाटीत ठेवी आणि ती वाटी वेगळ्या फळीवर सरकवून देई. मग पाहुणे किती का येईनात, त्या वाटीला हात लावण्याची कुणाची छाती नव्हती. एकदा मी विचारले, "अगं, भांड्यातच तळाशी थोडं राहू दे की! वेगळी वाटी कशाला भरवतेस?" आई म्हणाली, "भांडं घासायला पडलं म्हणजे तळाशी ठेवलेलं काय कामाचं?"

या वाटीचा संगणकाशी काही संबंध असेल असे तुम्हांला वाटणार नाही. मलाही २००२ सालापर्यंत वाटले नव्हते.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, २००० साली टपालखात्यातून निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी घरात संगणक आणला. "हिचं एम. ए. चाललं आहे, हिला उपयोग होईल," असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. खरे कारण निराळे होते. त्यांना आपल्या आठवणी लिहायच्या होत्या. डोंबिवलीला बदली होण्यापूर्वी त्यांची बरीचशी नोकरी कोकणातल्या लहान लहान टपालकचेऱ्यांत गेली होती. मुंबईच्या गिरणगावातून दर महिन्याला येणाऱ्या मनिऑर्डरी, कुपनावरच्या चार ओळी ऐकण्यासाठी खिडकीशी थांबलेल्या बायका, त्यांनी सांगितलेली आणि अण्णांनी लिहून दिलेली उत्तरे, आणि १९८२ साली गिरण्यांचा संप सुरू झाल्यावर हळूहळू आटत गेलेल्या त्याच मनिऑर्डरी — असे पुष्कळ त्यांच्या मनात साठले होते. हातात काठी घेऊन चालावे तसे ते एका बोटाने टंकन करीत. वर्षभरात बासष्ट पाने झाली. एखादे प्रकरण टंकून झाले, की त्याचा हस्तलिखित कागद ते वर्तमानपत्रांबरोबर रद्दीत घालीत. "एका पत्राच्या दोन नोंदी नकोत," ही खात्याची शिस्त! एकदा सगळा मजकूर त्यांनी फ्लॉपीवरही उतरवला होता. पण डोंबिवलीच्या पावसाळ्यात त्या फ्लॉपीला बुरशी आली.

संगणक जोडून देणाऱ्या गृहस्थाने हार्ड डिस्कचे दोन भाग पाडले होते. एकाचे नाव सी, दुसऱ्याचे डी. सी म्हणजे आमचे माजघर. विंडोज ९८ तिथे राहत होती, कार्यक्रम तिथे, अण्णांची पानेही तिथेच. डी हा माळा. तिथे काय आहे हे आम्ही कधी वर चढून पाहिले नव्हते. "डीमध्ये एक फोल्डर ठेवलं आहे, ते पुसू नका," एवढे तो गृहस्थ जाताना म्हणाला होता. आम्ही पुसले नाही. पण तो काय म्हणाला हेही विसरलो.

२००२ सालच्या श्रावणात एके सकाळी संगणक सुरूच होईना. काळ्या पडद्यावर कसलीशी फाइल सापडत नसल्याची तक्रार उमटे आणि गाडी तिथेच अडे. दोष म्हणाल तर आमचाच होता. दिवा मालवावा तसा अण्णा संगणक थेट बटणावरच बंद करीत, आणि राहिलेले काम जाणाऱ्या विजेने केले होते. दुकानात फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल." 'मारावा लागेल' हे क्रियापद मला तेव्हाच खटकले होते.

वरच्या मजल्यावरचा मुलगा तंत्रनिकेतनात डिप्लोमा करीत होता. तो कॉलेजातून विंडोज ९८ची स्टार्टअप फ्लॉपी घेऊन आला. तिने संगणक जागा झाला. पण ओळखीची निळी खिडकी न येता नुसते 'ए', पुढे दोन टिंबे आणि लुकलुकणारी एक रेघ दिसू लागली. आम्हां मराठीवाल्यांना ती टिंबे म्हणजे विसर्गच वाटणार! त्या विसर्गापुढे मुलाने सराईतपणे 'फॉरमॅट सी' अशी आज्ञा लिहिली. पडद्यावर इशारा आला, की सीमधले सगळे नष्ट होईल. पुढे जायचे का, वाय की एन?

त्याचे बोट वायवर होते. आई चहा घेऊन आली होती. ती पडद्याकडे पाहत नव्हतीच. ती अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहत होती. ती म्हणाली, "अरे, पण त्यातच ह्यांचं सगळं लिहिलेलं आहे ना?"

मुलाने हात उचलला. "काका, तुम्ही दुसरीकडे काढून ठेवलं नाहीये?"

अण्णा काही बोलले नाहीत. मुलाने एन दाबला. आजही मला वाटते, आमच्या घरात दाबलेल्या सगळ्या बटणांत ते एक अक्षर मोठे.

"बरं, तुमची विंडोजची सीडी कुठे आहे?" त्याने विचारले. अण्णांनी कपाटातून रेशनकार्डाच्या पिशवीतली पुस्तिका काढली. तिच्यावर पंचवीस अक्षरांचा परवान्याचा क्रमांक होता, सीडी नव्हती. आईने ओशाळून गॅलरीकडे बोट दाखवले. कबुतरे येऊ नयेत म्हणून तिने ती चकचकीत तबकडी दोरीने टांगली होती. कबुतरे घाबरली की नाही कोण जाणे. पण वर्षभराच्या उन्हापावसाने आणि भिंतीवर घासून तिची चाळण झाली होती. मुलाने ती पुसून यंत्रात घालून पाहिली. यंत्र घरघरले आणि थांबले. म्हणजे वाय दाबला असता तर अण्णांची पाने गेली असतीच, शिवाय त्या जागी बसवायला हाती काहीच उरले नसते!

"आधी काकांच्या फाइली डीमध्ये टाकू," तो म्हणाला. डॉसला लांब नावे परवडत नाहीत. आठांहून अधिक अक्षरांचे नाव असले, की पहिली सहा ठेवून पुढे नागमोडी रेघ आणि आकडा जोडतो. अण्णांची पाने ज्यात होती त्या 'माय डॉक्युमेंट्स'चे असेच शेपूट तुटलेले होते. फाइली एकेक करून उतरल्या. मग त्या आल्या का हे पाहण्यासाठी मुलाने डीमधल्या वस्तूंची यादी काढली आणि तो खुर्चीतून उठलाच. "काका, इथे विन९८ आहे! सीडीतलं सेटअपचं फोल्डर कुणीतरी अख्खं उतरवून ठेवलंय!"

हीच त्या जोडणाऱ्या गृहस्थाची वस्तू. सव्वाशे एमबीच्या आतबाहेरचे एक गाठोडे. विंडोज ९८ बसवायला लागणारे सगळे सामान 'कॅब' नावाच्या घट्ट बांधलेल्या पुडक्यांत त्यात होते, आणि ती पुडकी क्रमाने सोडणारा सेटअप हा मुकादमही तिथेच होता. हे गाठोडे तबकडीवरून येते की डिस्कवरून येते, याच्याशी मुकादमाला कर्तव्य नसते. पुडकी हाताशी असली म्हणजे झाले.

मुलाने डीकडे मोर्चा वळवला आणि 'सीडी विन९८' असे लिहिले. मी म्हटले, "अरे, सीडी तर फुकट गेली ना?" तो हसला. "ताई, ही ती सीडी नव्हे. ही 'चेंज डिरेक्टरी'. म्हणजे त्या खोलीत जा, एवढंच." तबकडीवाचून काम करण्याच्या आज्ञेचे नावही सीडीच असावे, ही त्या भाषेची गंमत. पुढची आज्ञा एका शब्दाची होती: सेटअप.

"आणि फॉरमॅट?" अण्णांनी विचारले.

"नाही करत, काका. जुन्याच्याच जागी पुन्हा बसवू. पडलेल्या विटा बदलल्या जातील. तुमच्या फाइली, मराठी अक्षरांचे फॉन्ट, सगळं जागच्या जागी राहील."

फॉन्टचे नाव काढताच अण्णांनी मान डोलावली. त्या काळची आमची मराठी टंकनपद्धती आजच्या युनिकोडसारखी नव्हती. तो विशिष्ट फॉन्ट नसला, की 'मनिऑर्डर' या शब्दाच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसे. नुसती पाने वाचवून भागणार नव्हते; ती वाचणारे डोळेही वाचायला हवे होते.

सेटअपने आधी डिस्क तपासली. मग पडद्याच्या डाव्या अंगाला कामाच्या पाच पायऱ्या दिसू लागल्या: तयारी, चौकशी, फाइलींची नक्कल, पुन्हा सुरुवात आणि शेवटची मांडामांड. पुस्तिकेवरचा क्रमांक अण्णांनी एखादी तार वाचावी तसा एकेक अक्षर सावकाश वाचून दाखवला. तिसरी पायरी अर्ध्यावर आली आणि वीज गेली.

त्या अंधारात कुणी कुणाशी बोलले नाही. आईने देवापुढची समई खोलीत आणून ठेवली. पाऊण तासाने वीज आली. मुलाने पुन्हा फ्लॉपी घातली, पुन्हा डीत जाऊन सेटअप म्हटले; तर तो मुकादम स्वतःच म्हणाला, की मागच्या खेपेला काम अर्धवट राहिलेले दिसते, सांभाळून पुढे नेऊ का? असल्या प्रसंगासाठी त्यात तशी सोय केलेलीच होती. रात्री साडेनऊला निळी खिडकी उघडली. अण्णांनी आपली फाइल उघडली. पहिल्या पानावर 'मनिऑर्डर' असे स्वच्छ मराठीत लिहिलेले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. आई म्हणाली, "चला, पानं घेते." त्या मुलाला त्या रात्री आमच्याकडेच जेवावे लागले, आणि ताटात दही होते.

जेवताना मी त्याला विचारले, "हे गाठोडं सीमध्येच असतं तर चाललं नसतं का?"

"आज चाललं असतं," तो म्हणाला. "पण फॉरमॅट केला असता तर गाठोडंही गेलं असतं. ज्या फळीवर उभं राहायचं तीच कापून चालत नाही ना!"

आई वाढता वाढता थांबली. "मी तरी निराळं काय सांगते? विरजण वेगळ्या वाटीत हवं."

त्या दिवसापासून आमच्या घरी ही विद्या रुजली. डिस्कवरच्या गाठोड्याचे आणखी फायदे मग कळले. तबकडीपेक्षा डिस्क पुष्कळ वेगवान, त्यामुळे काम लवकर उरकते. नवे प्रिंटर जोडताना विंडोज ९८ 'तबकडी घाला' म्हणून हट्ट धरी. तिला डीमधली वाट दाखवली की ती मुकाट्याने कामाला लागे. काही वर्षांनी आम्ही विंडोज एक्सपी घेतली, तेव्हा गाठोड्याचे नाव बदलून आय३८६ झाले. इंटेलच्या ३८६ या प्रोसेसरवरून ते पडले आहे. त्यात दोन मुकादम असत. विंडोज चालू असताना हाक मारायचा तो विनएनटी३२, आणि डॉसमधून बोलवायचा तो नुसता विनएनटी. डॉसमधून बोलवायचे तर आधी स्मार्टड्राइव्ह नावाच्या छोट्या मदतनिसाला उठवावे लागे. तो पुढच्या फाइली आधीच स्मरणात आणून ठेवी. त्याला विसरले, की मिनिटांच्या कामाला तास लागत. अण्णांनी हे एकदा विसरून पाहिले आणि दुपारची झोप काढून उठले तरी नक्कल चालूच होती! आणखी एक पथ्य होते. माळा एनटीएफएस पद्धतीने बांधलेला असेल, तर डॉसच्या फ्लॉपीला तो दिसतच नाही. म्हणून गाठोड्याचा माळा जुन्या फॅट३२ पद्धतीचाच ठेवायचा. अण्णांनी हे सगळे एका वहीत नोंदवून ठेवले होते. तिच्यावर टपालखात्याच्या धर्तीने 'कायमस्वरूपी आदेश' असे लिहिले होते.

आठवणी पुढे एकशे चाळीस पानांपर्यंत गेल्या. २००४ साली अण्णांनी त्यांची एक तबकडी करून इंदूरला आत्याकडे पाठवली. अर्थात रजिस्टर्ड पोस्टाने! जाता जाता त्या मुलाने सुचवले, "काका, त्यात मराठी फॉन्टची सेटअपही टाका. आत्यांकडे अक्षरं नसतील." अण्णांना हे फार पटले. पत्राबरोबर तिकीट लावलेले उत्तराचे पाकीट पाठवण्यासारखेच होते ते.

२०११ साली अण्णा गेले. त्यांचे लेखन नव्या संगणकाच्या डीमध्ये आले होते. गाठोडे, ड्रायव्हर, फॉन्ट, पाने, सगळे वेगळ्या वाटीत. मी निर्धास्त होते. आणि २०१६ साली एके दिवशी त्या डिस्कमधून टक् टक् असा आवाज येऊ लागला. दोन दिवसांनी तो थांबला, आणि डिस्कही थांबली. सी गेली, डीही गेली. इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आले नव्हते, की माजघर आणि माळा ही दोन नावे असली तरी घर एकच होते. वाट्या दोन होत्या; पण फळी एक होती, आणि कोसळली ती फळीच!

मी आईला हे कसे सांगितले ते आता आठवत नाही. ती काय म्हणाली ते आठवते. "आपलं विरजण नासलं तर मी काय करते?"

"काय करतेस?"

"शेजारून आणते. दिलेलं असतं ना आपण त्यांना!"

मी इंदूरला फोन लावला. आत्याच्या नातवाने माळ्यावरच्या ट्रंकेतून तबकडी काढली. बारा वर्षांनी ती वाचली जाईल की नाही अशी धाकधूक होती. ती वाचली गेली. त्याने फाइल उघडली आणि म्हणाला, "मावशी, हे तर काहीतरी भलतंच दिसतंय, सगळी चिन्हंच चिन्हं!" मी म्हटले, "त्याच तबकडीत फॉन्टची सेटअप आहे, ती आधी चालव." फोनवर क्षणभर शांतता पसरली. मग त्याने वाचायला सुरुवात केली, "पावसाचे चार महिने टपाल होडीने येत असे..." आई माझ्याजवळ उभी राहून ऐकत होती. सगळी पाने मी नंतर युनिकोडमध्ये आणली. मात्र शेवटची काही प्रकरणे, जी अण्णांनी २००४ नंतर लिहिली होती, ती गेली ती गेलीच. १९८२च्या संपाचे प्रकरण त्यांतच होते. इंदूरला पाठवायची दुसरी तबकडी करायची राहून गेली होती. ती करायची होती मी.

आता या सगळ्याला नवे रूप आले आहे. २०२५ सालच्या १४ ऑक्टोबरला विंडोज १०ची नेहमीची मोफत डागडुजी संपली, तेव्हा मी माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ बसवायचे ठरवले. फ्लॉपी नाही, तबकडी नाही. पाच जीबीहून मोठी एक आयएसओ फाइल उतरवून डीमध्ये ठेवली. तिच्यावर दोनदा टिचकी मारली, की संगणक तिला तबकडीच समजतो. आत तोच एका शब्दाचा सेटअप बसलेला असतो. विंडोज ९८ला किमान सोळा एमबी स्मृती लागे, हिला चार जीबी, म्हणजे नेमकी दोनशे छप्पन्नपट! पण मुकादमाची चाल तीच आहे. तो आधी पुडकी डिस्कवरच्या एका लपलेल्या खोलीत नेतो, मग यंत्र पुन्हा सुरू करून तिथून काम चालवतो. जुनी विंडोजही तो लगेच टाकून देत नाही. 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरात ठेवतो, आणि नवे पसंत पडले नाही तर परत फिरायला सहसा दहा दिवसांची मुदत देतो. आणि काम सुरू होण्यापूर्वी तो विचारतो, की तुमच्या फाइली आणि कार्यक्रम ठेवू, नुसत्या फाइली ठेवू, की काहीच नको? त्या प्रश्नापाशी माझा हात अजून थांबतो. तो वायचा प्रश्नच आहे, फक्त नम्र भाषेत विचारलेला. त्याला उत्तर देण्यापूर्वी मी अण्णांची पाने बाहेरच्या डिस्कवर उतरवते, एक प्रत इंदूरला आत्याच्या नातवाकडे पाठवते, आणि मगच पुढे जाते.

गेल्या खेपेस हे सारे चालले असताना दारावरची घंटा वाजली. शेजारच्या बिऱ्हाडात नव्याने राहायला आलेली मुलगी रिकामी वाटी घेऊन उभी होती. "आजी, थोडं विरजण मिळेल का?"

आईचे आता वय झाले आहे. पण ती स्वतः उठली. वेगळ्या फळीवरची वाटी तिने काढली आणि एक सोडून दोन चमचे दही मुलीच्या वाटीत घातले.

"एक पुरे, आजी," मुलगी म्हणाली.

"असू दे गं," आई म्हणाली. "आमचं कधी नासलं, तर तुझ्याकडूनच न्यायला येईन."